दाऊदचाचांची ट्रंक

खोर फक्कान
शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९६५

डोकं अजून तापलेलंच आहे. आमच्या दवाखान्याचे स्वयंपाकी दाऊदचाचा, माझ्याच गावचे. अपेंडिक्स फुटायच्या बेतात. डॉक्टर म्हणाले, आजच दुबईला ऑपरेशन झालं पाहिजे. डोंगरातून जीपने सबंध दिवस जातो. म्हणून तेल कंपनीचा तो इंग्रज पायलट सुट्टीच्या दिवशी स्वतःचं लहानसं विमान घेऊन आला, एक पैसा न घेता. आणि चाचा म्हणतात, ट्रंकेशिवाय जाणार नाही!

ट्रंक! पायलटशेजारी एकच सीट. अंधारात इथून उडता येत नाही, म्हणून तो सारखा सूर्याकडे बोट दाखवून "यल्ला, यल्ला", चला चला, करतोय. मी हात जोडले, "चाचा, ट्रंक मी सांभाळतो."

"खुळा समजतोस काय, बशीर? फुकट नेतात ते मरणाऱ्यालाच. मला परत कोण आणणार?"

म्हणजे अडलं होतं ते ट्रंकेपायी नव्हतंच. पण मी ऐकतोय कुठे? ओरडलो, "मग मरा इथेच!"

बापाच्या वयाच्या माणसाला असं बोललो. चाचा पोट धरून उठले आणि विमानात जाऊन बसले.

आत्ता इथल्या लष्करी छावणीच्या वायरलेसवर कळलं, ऑपरेशन झालं, चाचा शुद्धीवर आहेत. पायलटचा निरोप आहे की बरे झाले की तोच त्यांना परत आणून सोडेल, तेही फुकट. दुपारी एवढं त्याला विचारायचं मला का सुचलं नाही? चाचा तर तेच विचारत होते.