मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं

प्रिय दादा,

आधी एक गंभीर तक्रार. लग्नाच्या कार्यालयांत खुर्च्यांना सॅटिनचे झगे चढवून मागे फुगीर गाठ मारायची पद्धत ज्या कुणी काढली, त्याला नवी रेशमी साडी नेसवून त्याच खुर्चीवर तीन तास बसवावं. सॅटिनवर रेशीम म्हणजे साबणावर साबण. मी मुलीची आई, पहिल्या रांगेत कृतकृत्य चेहरा करून बसले होते आणि बोटाबोटानं खाली घसरत होते. दर पाच मिनिटांनी टाचा रोवून स्वतःला वर ओढायचं. बघणाऱ्यांना वाटलं, मला भरून येतंय. धाकटी जाऊ पाठ थोपटून गेली, त्या धक्क्यानं आणखी दोन बोटं खाली गेले.

तर लग्न झालं. तू आला नाहीस. तुझी भाची महिनाभर एकच घोकत होती, ‘आई, मामा येईल ना गं? मला बोहल्यावर मामाच नेणार.’ आणि मी, सहा वर्षांत तुझ्याशी एक शब्द न बोललेली बाई, छातीठोकपणे सांगत होते, ‘येणार म्हणजे काय, न येऊन सांगतो कुणाला?’ वेळेला असावं म्हणून मी दोन गोष्टी करून ठेवल्या. मुलाकडच्यांना सांगितलं की माझा भाऊ परदेशी असतो, रजेची अडचण आहे, पण ऐन वेळी पोचेल. आणि जुन्या मापावरून तुझ्यासाठी एक मोतिया रंगाचा झब्बा शिवून घेतला. त्यातली पहिली गोष्ट खोटी होती, आणि दुसरी त्याहून.

आमच्या ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. रस्त्यानं जाणाऱ्या माणसानं नुसती मान वळवली तरी ‘या, जेवूनच जा’. त्या दिवशी समोरच्या लॉजवर उतरलेला एक परदेशी पाहुणा सनई ऐकून फाटकापाशी उभा राहिला आणि ह्यांनी त्याला हाताला धरून आत आणला. साठीचा, उंच, थोडा वाकलेला. धंद्यानं सुतार, त्यातही फक्त जिने करणारा. बायको गेल्यापासून एकटाच देश बघत हिंडतो म्हणे. ही सगळी माहिती नवऱ्यामुलाच्या आतेबहिणीनं अर्ध्या शब्दांनी आणि अर्ध्या हातवाऱ्यांनी काढली. आत आल्या आल्या कुणीतरी त्याच्या सदऱ्यावर अख्खा चहा सांडला. बिचारा ओला सदरा चिमटीत धरून हसत उभा. मला राहवलं नाही. खोलीत तुझा झब्बा खुंटीला टांगलेला होता, तो दिला. दादा, खांद्यापासून मनगटापर्यंत अगदी बेतून शिवल्यासारखा बसला रे. मला त्याचा रागच आला.

मुहूर्त जवळ आला. गुरुजींनी माईकवरून पुकारा केला, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.’ कुणी हललं नाही. त्यांनी घसा खाकरून पुन्हा पुकारलं. सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात फक्त फुगेवाला. तिसऱ्या पुकाऱ्याला गुरुजींच्या आवाजात घड्याळ वाजायला लागलं होतं. हे माझ्या कानाशी लागले, ‘माझ्या मावसभावाला पाठवू का?’ मी म्हटलं, ‘दोन मिनिटं थांबा.’ कशासाठी थांबा, ते मलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात विहीणबाई उठल्या. बाई कर्तबगार. मामा परदेशी असतो हे त्यांना माझ्याच तोंडून कळलेलं. समोर परदेशी दिसणारा एक गृहस्थ, नवाकोरा झब्बा, ओळखीचं कुणी नाही म्हणून कोपऱ्यात गप्प बसलेला. मुलीकडच्या माणसाचं याहून चांगलं वर्णन काय असणार! त्या तडक गेल्या आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाल्या, ‘अहो मामा, चला की! आमच्या मुलाचा मुहूर्त टळतोय आणि तुम्ही बसलाय निवांत!’ मागून त्यांची नणंद पुटपुटली, ‘तिकडच्या हवेनं माणूस काय उजळतो बाई!’

मी उठून सांगायला हवं होतं. मी खुर्चीवरून घसरत होते, एवढीच माझी सबब. परक्या मुलखात जे सांगतील ते करावं, असा त्या माणसाचा शिरस्ता असावा. तो निमूट आत गेला. गौरीहरापुढे बसलेल्या तुझ्या भाचीनं मान वर करून आधी झब्बा पाहिला, मग चेहरा. ती क्षणभर थांबली. मग उठून तिनं त्याच्या हातात हात दिला. त्यानं तिचं कोपर असं धरलं होतं, जसं आपण न केलेल्या जिन्यावरून कुणाला उतरवावं. एक एक पाऊल बघून. बोहल्यापाशी आणून सोडलं आणि अंतरपाटाच्या मागे हात जोडून उभा राहिला. मंगलाष्टका संपेपर्यंत जागचा हलला नाही. पंगतीत रुसला नाही, मानपान काढला नाही. आपल्या खानदानात असा मामा झाला नाही.

पाठवणीच्या वेळी तुझी भाची माझ्या गळ्यात पडून एवढंच म्हणाली, ‘आई, तो माणूस रडत होता गं. त्याला तर माझं नावसुद्धा माहीत नव्हतं.’ नंतर त्या सुतारानं आतेबहिणीकरवी विचारलं, खरा मामा कुठे आहे? आपण कुणाच्या जागी उभे होतो हे त्याला कळलं होतं तर. मी म्हटलं, ‘वाटेत आहे.’ त्यानं मान डोलावली. तो माझ्यापेक्षा सभ्य निघाला, कुठल्या वाटेत, असं त्यानं विचारलं नाही.

बाबांच्या तेराव्याला मी जे बोलले ते विसरलेय असं समजू नकोस. भरल्या घरात, सगळ्या आत्या-काकांसमोर बोलले. ‘दादा पाहुण्यासारखा येतो, पाहुण्यासारखा जातो. पुढच्या वेळी त्याला रीतसर आमंत्रण पाठवा.’ लोक हसले. माझ्या बोलण्याला लोक हसतात, तेच माझं वाटोळं झालंय. तू चप्पल घालता घालता शांतपणे म्हणालास, ‘बरं. आमंत्रण आल्याशिवाय तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.’ तेव्हा बाबांच्या आजारात तू रात्री गाडी चालवून यायचास, सकाळी परत कामावर जायचास, हे मला माहीत होतं. माहीत असून बोलले. वाक्य जमलं होतं ना.

काल वहिनीचा फोन आला. ‘त्यांनी तुम्हाला कळवायचं नाही म्हणून बजावलंय, मी माझ्या जबाबदारीवर सांगतेय.’ लग्नाच्या आधीपासून तू इस्पितळात आहेस, डॉक्टरांनी आता घरी न्यायला सांगितलंय, आणि कशासाठी ते सांगितलेलं नाही. मी विचारलं, ‘येऊ का?’ वहिनी म्हणाली, ‘पत्र लिहा. मी वाचून दाखवीन. ऐकू जातं की नाही, सांगता येत नाही.’ मग तिनं पत्रिकेचं सांगितलं. लग्नाआधी भेटायला आलेल्या काकांच्या मुलानं त्याला आलेली आपल्याकडच्या लग्नाची पत्रिका तुझ्या उशाशी ठेवली होती. तू चष्मा मागून ती वाचलीस. निमंत्रकांत तुझं नाव, पहिल्या ओळीत. मीच छापलं होतं. सगळ्या गावाला तुझ्या नावानं बोलावलं आणि तुलाच बोलावलं नाही, कारण भावाला कसलं आमंत्रण, त्यानं आपणहून यावं, असं मी महिनाभर स्वतःला बजावत राहिले. वहिनी म्हणाली, तू पत्रिकेचं पाकीट उलटसुलट केलंस आणि म्हणालास, ‘आत नाव आहे माझं. वर नाही.’

कपाटात एक पत्रिका उरली होती. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून या पत्रासोबत ठेवली आहे. तारीख उलटून गेली आहे, ती खोडलेली नाही. पाकिटावर आज तुझं नाव घातलं. सहकुटुंब, सहपरिवार.

तुझीच,
लवंगी