माहेरच्या बागेतली सुपारी

१८ फेब्रु.
तोंड उघडत नाही, म्हणून आजपासून भांडण वहीत.
डॉक्टरने तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. "अंकलजी, कोशिश कीजिए." एक शिरलं, तेही रडतखडत. दोन्ही गालांत आतून पांढरे, ताठ पट्टे. डावीकडे एक चट्टा, त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला.
"गुटखा? तंबाकू?"
मी मान हलवायच्या आत बायको तोऱ्यात, "छे, हमारे घर में नहीं चलता. सिर्फ घर की सुपारी. मेरे मायके के बाग की." नलूचं माहेर श्रीवर्धनचं. दरवर्षी तिचा भाऊ इथे जयपूरला पोतं धाडतो, ही रोज जेवणानंतर अडकित्ता घेऊन बसते. आपल्या हाताने कातरलेलं विष नसतं, अशी तिची समजूत. माझीही तीच होती. पण मी डॉक्टरसमोर मिरवलं नाही.

२४ फेब्रु.
कॅन्सर.
परत येताना मालवीय नगरच्या वळणावर प्याज कचोरीचा घाणा चालू होता. खाणाऱ्यांचे जबडे बघत बसलो. एकेकाचे उपटावेसे वाटले.

२७ फेब्रु.
आमच्या कन्येला, ऋचाला, आता पाझर फुटला. लॅबमध्ये तोंडाच्या कॅन्सरवरच काम करते. सगळ्या जयपूरच्या तोंडांचे तुकडे बघून झाले, बापाच्या तोंडात बघायला सवड नव्हती. तसं पाटीवर लिहून दाखवलं. रडली. बरं वाटलं.
मग समजावत बसली. जयपुरात वाढलेली, मराठी हिंदीवरून घसरत येते.
"बाबा, कॅन्सरच्या सेल्स डिशमध्ये एकट्या ठेवल्या ना, तर मतलब, कशाबशा वाढतात. बाजूला पेशंटचेच फायब्रोब्लास्ट ठेवले की फटाफट."
लिहिलं, 'हे कोण?'
"कनेक्टिव्ह टिश्यूच्या पेशी. जखम भरतात, धागे विणतात. सुपारीने रोज जखम होते, मग विणतच राहतात. त्याचे हे पट्टे. पुढे गाठ त्यांनाच कामाला लावते. मग तेच तिला खायला घालतात, रस्ता करून देतात."
लिहिलं, 'हरामखोर.'
"नाही बाबा. त्यांना मालूमच नसतं. त्यांना वाटतं आपण जखमच भरतोय."
मी पाटी पुसली, लिहिलं, 'म्हणजे तुझी आई.'
नलू मागे वरणाची वाटी घेऊन उभी होती. वाचलं तिने. वाटी ठेवली, चमचा ठेवला, गेली. ऋ. माझ्याशी न बोलता निघून गेली.
खरं तेच लिहिलं. पुसणार नाही.

५ मार्च
ऑपरेशन ठरलं. डावा जबडा थोडा जाणार. सर्जनची ताकीद, आजपासून सुपारी बंद, नाहीतर उरलेल्या गालातही उगवेल.
ऋ.ने सगळी सुपारी कचऱ्याच्या गाडीत टाकली. अडकित्ता तेवढा नलूने सोडला नाही, आईचा आहे म्हणून.

८ मार्च
पोह्यांच्या डब्याच्या तळाशी थोडी सुपारी आहे. मला ठाऊक होतंच. बत्तीस वर्षांचा संसार आहे. दुपारी टेबलावर बोटं वाजवली. नलू म्हणाली, "अहो, नको ना." परत वाजवली. दिलं एक खांड. डोळ्यांत पाणी, पण दिलं.
हिला नाही म्हणताच येत नाही. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

११ मार्च
शेजारच्या शर्मीण चाकसूच्या शीतलामातेला जाऊन आल्या. प्रसादाची थंड राबडी आणून दिली, बाजरी-ताकाची. मऊ, घशाखाली उतरली. नलूनेही तीच खाल्ली. हल्ली ही माझ्यासारखाच गुरगुट्या भात खाते. पोळी दुधात कुस्करते. पाटीवर लिहिलं, 'सती जायची तयारी?'
हसली, ओठ मिटूनच.

१६ मार्च
ऑपरेशनआधीची तपासणी. ऋ. आईला बळेच बरोबर घेऊन आली. डॉक्टर माझं उरकून तिच्याकडे वळला, "आंटीजी, आप भी ज़रा."
दोन बोटंही जाईनात. आत तेच पांढरे पट्टे. जिभेच्या कडेला लालसर काहीतरी. तिचाही तुकडा काढला.
ऋ. ओरडली, "आई, कधीपासून? बोलली का नाहीस?"
"अगं, ह्यांना देताना मीही एक खांड टाकायचे. एकट्याने खायला माणसाला बरं वाटत नाही."
मी समजत होतो, भात माझ्या सोबतीला खाते. मनात जरा सुखावतही होतो. तिला खरंच चावता येत नव्हतं. रोज समोर बसून जेवलो आणि दिसलं नाही.
आज कोणावर चिडायचं ते सुचत नाही. तिच्या भावावर चिडलो. पुरलं नाही.

१९ मार्च
तिचा रिपोर्ट उद्या. ऋ. सकाळी घेऊन येईल. माझं ऑपरेशन सोमवारी.
जेवण झालं. माझी बोटं टेबलावर वाजली. मी वाजवली नाहीत, वाजली. बंद करायच्या आत ती उठली होती. पोह्यांचा डबा, अडकित्ता. कागदासारखं पातळ कातरलं, मला त्रास नको म्हणून. तिच्या तोंडात टाका आहे.
माझं खांड गालात ठेवलंय. तिचं तिच्या हातात आहे. समोर बसून माझ्या जबड्याकडे बघतेय. मी सुरुवात केल्याशिवाय ती कधीच खात नाही.
अजून चावलेलं नाही.