पहिल्या नकाराचा विमा

टोर्डाल, मिनेसोटा
२८ सप्टेंबर

प्रिय लव्हॉनताईस,

धाकट्या आर्डिसचा प्रभूच्या नावाने नमस्कार. आम्ही दोघं देवाच्या दयेने ठीक आहोत. ठीक म्हणजे व्हर्लिनचा डावा गुडघा वेधशाळेच्या आधी पावसाची बातमी देतो आणि माझे दात अजून माझेच आहेत, याहून अधिक सांगण्यासारखं काही नाही. तुझी कंबर कशी आहे? 'बरीच आहे' असं लिहू नकोस. तू 'बरीच आहे' लिहिलंस की मी दोन दिवस जेवत नाही. (जेवते, पण चव लागत नाही.) तुमच्या ॲरिझोनात अजून अंग भाजतंय असं टीव्हीवर सांगतात. इथे परवा हिव पडलं, म्हणून टोमॅटो हिरवेच तोडून वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात ठेवलेत.

पत्राचं कारण ट्रेलर. ईस्टरला फोनवर मी ओझरतं म्हणाले होते की व्हर्लिनने एक गाडी बघितली आहे, आणि लगेच विषय तुझ्या लिंबांवर नेला होता. ती गाडी आता आमच्या दारात उभी आहे. बत्तीस फूट लांब. तिला फिफ्थ व्हील म्हणतात, म्हणजे पाचवं चाक. मी भोवती फिरून मोजली, चारच निघाली. व्हर्लिन म्हणाला, "अगं, तिचं नाक आपल्या पिकअपच्या हौद्यात टेकतं. तिथे जो लोखंडी अडकवा आहे ना, ते पाचवं चाक." म्हणजे नाव ज्याच्यावरून पडलं ते चाकच नाही. असो. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर नोकरी केलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर घर ओढत न्यायची हौस यावी, यात देवाची काही योजना असेल. आत पलंग आहे, शेगडी आहे, न्हाणीघर आहे आणि विजेवर चालणारी खोटी शेकोटीसुद्धा आहे. जाळ दिसतो, ऊब काही लागत नाही. मी व्हर्लिनला म्हटलं, ही तुझ्या आत्येबहिणीवर गेली आहे. तो तासाभराने हसला.

तर गाडी आली म्हणजे विमा आला. आपले विमेवाले ऑरिन फॉसम तुला आठवत असतील. आपल्या बाबांचा बैलासकट विमा त्यांच्याच वडिलांनी उतरवला होता. त्यांची पद्धत कशी होती! घरी यायचे, कॉफी घ्यायचे. आधी हवापाणी, मग सोयाबीन, मग गावात कोण गेलं, आणि दाराशी टोपी हातात घेतल्यावर विमा. "गारपिटीचं घालू का, आर्डिस?" "नको हो, उगाच कशाला." मग ते परत बसायचे, केकचा तुकडा घ्यायचे. "तशा गारा पडतात हं." "पडतात, पण आपण काय करणार." दुसरा कप. "मग घालूनच टाकू?" "तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर घाला बापडे." अशा रीतीने गेली चाळीस वर्षं आमच्या छपरापासून बदकांपर्यंत सगळ्याचा विमा उतरलेला आहे, आणि आम्ही तोंडाने कधी हो म्हटलेलं नाही. आईने आपल्याला शिकवलंच होतं तसं. पहिल्या वेळी हो म्हणतो तो हावरट, दुसऱ्या वेळी म्हणतो तो उतावळा, आणि तिसऱ्यांदाही नको म्हणतो तो गर्विष्ठ.

ऑरिन आता निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीत डस्टिन ट्रॅमल नावाचा गृहस्थ आला आहे. टेक्सासचा. वाक्यागणिक मला 'मॅडम' म्हणतो, त्यामुळे मागे कोणी म्हातारी उभी आहे की काय म्हणून मी सारखी वळून बघते. त्याने आम्हाला समोर बसवलं, कॉफी विचारली, मी नको म्हटलं, आणि ताई, त्याने किटली खाली ठेवली! तिथेच मला शंका यायला हवी होती. मग तो संगणकावर एकेक विचारत गेला. टक्कर, आदळआपट? "नको, व्हर्लिन सावकाश चालवतो." गारपीट, वादळ? "नको, उगाच कशाला." रस्त्यात बंद पडली तर ओढून न्यायला माणूस? "नको, कुणाला त्रास कशाला." उभ्या ट्रेलरच्या पायरीवरून कोणी घसरलं तर? "आमच्याकडे येतंय कोण." आतल्या सामानाची किंमत किती, मॅडम? आता आपल्या वस्तूंची किंमत आपल्याच तोंडाने कशी सांगायची? मी म्हटलं, "कसली हो किंमत. जुन्या गोधड्या, आईचं बटाट्याच्या लेफ्से-पोळ्या लाटायचं लाटणं, असलंच काहीबाही." त्याने शून्य लिहिलं. मग म्हणाला, नुकसान झालं तर गाडीची त्या दिवशीची किंमत हवी, की आत्ताच ठरवून ठेवलेली? त्या दिवशीची म्हणजे दरवर्षी घसरत जाणारी. मी व्हर्लिनकडे पाहिलं आणि मनात आलं, याला जर कोणी आजच्या किमतीने भरून द्यायला निघालं तर माझ्या हाती बसच्या तिकिटापुरतंही यायचं नाही. पण म्हणाले, "आम्हाला काय, कशीही चालेल." त्याने स्वस्तातली लावली. अकरा मिनिटांत आम्ही रस्त्यावर होतो. व्हर्लिन म्हणाला, "दुसऱ्यांदा कधी विचारणार आहे?" मी म्हटलं, "घरी येऊन विचारेल. पद्धत आहे." मी केक करून ठेवला. तो आला नाही. पॉलिसी आली. हप्ता इतका कमी होता की मी रविवारी दानपेटीत पाच डॉलर जास्त टाकले.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना ट्रेलर बघायचा होता, म्हणून व्हर्लिन तो चर्चच्या आवारात घेऊन आला. आमच्या पाळकबाईंनी त्याच्या नाकावर हात ठेवून सुंदर प्रार्थना केली. बायकांनी आतली कपाटं उघडून पाहिली. (एस्ट्रिडने शेकोटीवर हात धरला आणि तो तसाच परत खिशात घातला.) जेवणासाठी आवार मोकळं करायचं म्हणून व्हर्लिनने ट्रेलर सोडवून कडेला लावला, आणि निघताना पुन्हा जोडायला घेतला. आता आपल्याकडे निरोप घेणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको. अडकवा बसवेपर्यंत तिघे आले, कडी लावायच्या वेळी चौघे, आणि पिकअपच्या खिडकीशी उभं राहून "बरं मग" म्हणणारे तर अर्धा तास संपेनात. या 'बरं मग'च्या गर्दीत कडी लावायचीच राहिली. व्हर्लिन हात हलवत पुढे गेला, पिकअप त्याच्याबरोबर गेला, ट्रेलर जागच्या जागी राहिला आणि त्याचं आशीर्वादित नाक धाडकन हौद्याच्या दोन्ही काठांवर आदळलं.

कोणी ओरडलं नाही. आपलीच माणसं. मग कोणीतरी म्हणालं, "हे काही बरं झालं नाही." व्हर्लिन उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आणखी वाईट होऊ शकलं असतं." त्यावर सगळ्यांना हायसं वाटलं आणि ते जेवणाची उरलेली भांडी आवरायला गेले.

सोमवारी आम्ही डस्टिनकडे. तो बिचारा मनापासून हळहळला. पिकअपच्या हौद्याचे पैसे मिळतील म्हणाला, कारण तो विमा ऑरिनच्या वेळचा. ट्रेलरच्या नाकाचे मात्र नाहीत. मी म्हटलं, असं कसं? त्याने पडदा माझ्याकडे वळवला. एकाखाली एक नऊ 'नाही'. "मॅडम, तुम्ही नको म्हणालात." मी म्हटलं, "अहो, म्हणाले, पण तुम्ही एकदाच विचारलंत!" त्याने पडदा परत स्वतःकडे वळवून पाहिला. "नको म्हटल्यावर आणखी किती वेळा विचारायचं?" व्हर्लिन आजवर व्यवहारात कधी मध्ये बोलला नाही, पण तो म्हणाला, "तीनदा. सगळ्यांना ठाऊक आहे."

ताई, मी त्या माणसावर रागवणार होते. तोंड उघडलंसुद्धा. आणि तेवढ्यात मला गेलेनभावजी वारले ती मार्चमधली दुपार आठवली. मी फोन केला, म्हटलं, "येऊ का?" तू म्हणालीस, "नको गं, एवढ्या लांब कुठे येतेस, माझं ठीक चाललंय." आणि मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मग मोठं पातेलंभर खिम्याचं हॉटडिश केलं, वर बटाट्याच्या वड्या लावल्या, आणि ते द्यायचं कुणाला हे लक्षात आल्यावर आम्ही दोघांनी चार दिवस तेच खाल्लं. दुसऱ्यांदा मी विचारलं नाही. प्रभूसुद्धा माणसाला एकदा विचारून निघून जात नाही, आणि मी सख्ख्या बहिणीला एकदाच विचारलं. डस्टिन टेक्सासचा तरी आहे. मला काय सबब? (खरं तेच लिहिते. विमानाचं भाडं पाहिलं होतं.)

तर मी तोंड मिटलं आणि म्हटलं, अर्ज पहिल्यापासून भरा. तो हुशार आहे, लगेच शिकला. प्रत्येक गोष्ट तीनदा विचारली. गारपीट, मॅडम? गारपीट, मॅडम? गारपीट, मॅडम? त्यात सकाळ गेली. मी दोनदा नको म्हणून तिसऱ्या वेळी "त्रास नसेल तर" म्हणत गेले, आणि कॉफीसुद्धा मिळाली. किंमतही ठरलेली घेतली. शेवटचा प्रश्न आला: यात कायम राहणार की काही महिने, आणि हिवाळ्यात ट्रेलर उभा कुठे असेल? वर्षाचे सहा महिने त्यात राहिलात तर निराळी, महाग पॉलिसी लागते. व्हर्लिन म्हणणार होता, दारात, बर्फाखाली. पण मी पहिल्याच विचारण्याला म्हणाले, "पाच महिने. माझ्या बहिणीच्या अंगणात." डस्टिन सवयीने दुसऱ्यांदा विचारायला लागला, तर व्हर्लिनने त्याचा हात धरला.

मग आम्ही घरी आलो. दारात बूट काढताना व्हर्लिन म्हणाला, "आर्डिस, मी हे चाकांचं घर घेतलं कशासाठी असं तुला वाटत होतं?" बघ, म्हणजे हाही तसलाच. मार्चनंतर सगळा उन्हाळा आपण दोघी फोनवर लिंबं आणि टोमॅटो बोलत होतो, आणि हा गप्प बसून ट्रेलरच्या जाहिराती कापत होता.

तर येऊ का? ट्रेलरचं नाक दुरुस्त होतंय, रंग जुळला नाही, पण पाळकबाई म्हणाल्या की प्रार्थना रंगावर नव्हती. चर्चचं मासळीचं जेवण आटोपलं की मोठा बर्फ पडायच्या आत निघता येईल. तुझ्या स्वयंपाकघरात मी ढवळाढवळ करणार नाही, माझी शेगडी माझ्याबरोबर आहे. कंबरेला जप, वाकून काही उचलू नकोस. देव तुझ्या उंबऱ्यावर दृष्टी ठेवो.

तुझी,
आर्डिस

ता.क. अंगणाची लांबी दोरीने मोजून ठेव, चौतीस फूट लागेल. मोजायला शेजाऱ्याला सांग, तू वाकू नकोस. फाटकाजवळच्या झाडाची खालची फांदीही बघून ठेव. झाडावर आदळण्याचा विमा आहे, पण वापरायला नको.

ता.क. आईचं लाटणं आता पॉलिसीत आहे. डस्टिनने तीनदा विचारल्यावर मी शंभर डॉलर सांगितले आणि मालकाच्या रकान्यात तुझं नाव घातलं. सव्वीस वर्षांपूर्वी तू ते माझ्याकडे आठवड्यापुरतं ठेवलं होतंस.

ता.क. पहिल्यांदा मार्चमध्ये विचारलं होतं, दुसऱ्यांदा वर विचारलं आहे. हे तिसरं. येऊ का? उत्तरासाठी तिकीट जोडत नाही. 'नको' म्हणायचं असेल तर तुझ्या पैशाने कळव. 'ये' असेल तर कळवायची गरज नाही.