रिसाल्याची पट्टी

माघ शु. ३, सोमवार
आज पुन्हा पाण्यात उलटा झालो. तळ्याच्या मोरीशी वाकलो मात्र, पाणबुड्याच्या पोशाखातली हवा सरसर पायांत शिरली. शिशाचे जोडे घालून काय उपयोग! जोड्यांसकट पाय वर आणि तांब्याचं शिरस्त्राण चिखलात. दोरी ओढून काढलं मला.
मागून व्यंकू उतरला. तोच पोशाख, तेच जोडे. पठ्ठ्या मोरीच्या तोंडाशी आडवा झाला आणि आतला दगड काढून घेऊन आला. साहेब ‘शाबास’ म्हणाले, त्याला. मला म्हणाले, पाय सांभाळ.
धरणावर पाणबुड्याची कायमची जागा एकच. शिकणारे आम्ही दोघे. परीक्षा पुढल्या गुरुवारी.
पोशाख गोऱ्यांच्या मापाचा, पाय ढगळ. म्हणून साहेबांनी पोटऱ्यांवर शिपायांच्या पट्ट्या गुंडाळायला लावल्यात. मी अप्पांच्या रिसाल्यातल्या, घोडदळी पट्ट्या वापरतो. मुंग्या येईपर्यंत आवळतो. तरी पाय वर ते वरच. त्याचे का जात नाहीत?

माघ शु. ६, गुरुवार
व्यं. घरी आला होता. देवराज मोहल्ल्यातून जाताना सहज म्हणे. अप्पांच्या पाया पडला. अप्पा खूश, ‘पायदळवाल्याचा पोर, पण अंगात पाणी आहे हो!’ स्वतःच्या मुलाबद्दल असं कधी बोलल्याचं आठवत नाही. सौ.नं ताजे तळलेले कोडबळे दिले त्याला, ताटली भरून. मला कालचे.
जाताना हळूच म्हणाला, “दादा, रागावू नका. पट्टी एकदा खालून बांधून बघा की. घोट्यापासून वर.”
अप्पांनी ऐकलं. हसले. “ते पायदळाचं रे. सवार गुडघ्याखाली सुरू करतो नि घोट्याशी गाठ मारतो.”
मी म्हटलं, आमच्यात चिखल तुडवायची पद्धत नाही.
वहाणा चढवून निघाला बिचारा. बिचारा कसला! सौ. नंतर म्हणे, “केवढं लागलं असेल त्याला.” त्याला लागलेलं हिला बरोबर दिसतं. जळतो मी, उभा जळतो. इथं तरी खरं लिहावं.

माघ शु. ९, रविवार
सौ. परसात उशीचे अभ्रे धूत होती. बादलीत अभ्रा फुगला. तिनं तोंडाकडून दाबत नेला, तर फुगा तळाच्या कोपऱ्यात जाऊन बसला, हटेना. मग कोपऱ्याकडून दाबत आणला. बुडबुड करून सगळी हवा बाहेर.
अय्यो!
म्हणजे मी गुडघ्यापासून आवळत आणतो तेव्हा हवा पावलांत कोंडतो. स्वतःच्याच हातानं.
तिथंच बसून धोतर वर केलं, पट्टी घोट्यापासून वर बांधून पाहिली. सौ.नं विचारलं, काय चाललंय? ‘सुम्ने,’ म्हटलं. उगाच आपलं.
व्यं. खरं सांगत होता तर. चुकीचं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

माघ शु. ११, मंगळवार
झाडाआड जाऊन पट्टी पायदळी बांधली. उतरलो. वाकलो. आडवा झालो. पाय जागच्या जागी! मोरीत कोपरापर्यंत हात घातला. इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.
साहेबांनी विचारलं, काय बदललंस? मी म्हटलं, सराव. व्यं. माझ्या पायांकडे बघून हसला. बोलला काही नाही. बोलला असता तर भांडता आलं असतं.

माघ शु. १३, गुरुवार
परीक्षा. आधी मी. मोरीत ठेवलेले दोन्ही दगड आणले. साहेबांनी मान हलवली.
व्यं.चा अंगठा सकाळी हवेच्या पंपाच्या दांड्याखाली चेंगरला, टम्म सुजला. “दादा, पट्ट्या तुम्हीच बांधा,” म्हणाला आणि बसला. शिरस्त्राण चढवलं. त्यातून खालचं दिसत नाही. पाय पुढे केला त्यानं.
हात गुडघ्याशी गेला माझा. सवयीनं नाही. स्पष्ट लिहितो, सवयीनं नाही.
घोट्याशी गाठ मारली. चांगली घट्ट.
उतरला. थोड्या वेळानं दोरीला एक हिसका, मग हिसक्यांवर हिसके. नंतर जोडे पाण्याबाहेर आले. नुसते जोडे. मीच सगळ्यांत जोरात ओढलं, हे खरं. वर घेतला तेव्हा नाकातून रक्त. डोळे लाल.
साहेब माझ्यावर कडाडले. व्यं. खोकत खोकत म्हणाला, “दादांचा दोष नाही, साहेब. सवाराच्या घरची सवय. मीच आठवण करून द्यायला हवी होती.”
त्याला सोमवारी पुन्हा उतरवणार. जागा तोवर कुणालाच नाही.

माघ शु. १४, शुक्रवार
अप्पांना हकीकत कळली. “आपल्या पद्धतीनं बांधलीस, त्यात काय चुकलं?” वर मिशीवर हात.
सौ. वाढत होती. म्हणाली, “पण तुम्ही तर त्या दिवशी परसात खालून वर बांधत होतात.”
एवढंच. वाफाळत्या सारूची वाटी ठेवून आत गेली. दिवसभर नेहमीसारखी बोलली, तेच सोसवत नाही.

माघ व. २, सोमवार
व्यं. सकाळीच हजर. अंगठ्याला अजून चिंधी. बाहेर कट्ट्यावर बसलाय, कॉफी पितोय. आज बांधायला दुसरं कुणी बघ म्हटलं, तर म्हणतो, “छे हो, दादाच बांधणार. आधी इथं एकदा करून बघू. मी शिकवतो, सोप्पं आहे.”
मला शिकवणार. त्याचं नाक अजून सुजलेलं आहे.
पट्ट्या आणायच्या निमित्तानं आत आलो नि हे लिहितोय. सांगून टाकावं? सांगितलं तर जागा गेली, आणि अप्पांच्या तोंडावर... नाही सांगितलं तर तो जन्मभर मला दादा म्हणणार.
बाहेरून हाक आली, “दादा, या की! पाय पुढे करून बसलोय.”
सौ. पट्ट्या घेऊन दारात उभी आहे. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघतेय. उठतो.