कॅमेऱ्यातले धुरकट तात्या

१२ सप्टेंबर २०२२, सोमवार

बसला एकदाचा कॅमेरा. चंदूने ठाण्याला घरबसल्या ठरवलं आणि भोईवाड्यातल्या दुकानाचा हरेश्वर येऊन लावून गेला. रेडिओच्या फळीवर, बरोबर तात्यांच्या खुर्चीसमोर. मुठीएवढा, पांढरा, वर हिरवा दिवा. मी हॉस्पिटलच्या ऑफिसात कामावर गेले की संध्याकाळपर्यंत चंदू, माझा धाकटा भाऊ, आमच्या वडिलांना, तात्यांना, मोबाइलवर बघणार.

झालं काय, तर गणपतीत तात्या एकटे जिना उतरले आणि शेवटच्या पायरीला घसरले. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण चंदूने तेच धरून ठेवलंय. "चौऱ्याऐंशीचा माणूस दिवसभर एकटा, ताई! दसऱ्यापर्यंत बघतो. कॅमेऱ्यात नीट दिसले तर राहू देत लालबागला. नाहीतर मी इकडे घेऊन येतो." इकडे म्हणजे चौदाव्या मजल्यावर. मागे राहिले होते तिथे, तेव्हा वॉचमनच्या केबिनमध्येच जास्त असायचे.

तात्या एवढंच म्हणाले, "माका खय जावचा नाय." मलाही त्यांना पाठवायचं नाही. तात्यांशिवाय ही खोली कशी असते ते मी कधी पाहिलेलं नाही, आणि पाहायचंही नाही.

शेजारच्या शांताकाकू डोकावून गेल्या. "पितृपक्षात नवी वस्तू आणलीत?" म्हणाल्या. झालं!

१३ सप्टेंबर

ऑफिसात चंदूचा फोन. "ताई, खुर्चीवर तात्या आहेत की टॉवेल?"

१५ सप्टेंबर

हरेश्वर आला. शर्टाच्या टोकाने कॅमेऱ्याची काच पुसली, टोक नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. "तेलाचा थर आहे, ताई. तुमची फोडणी." एका खोलीत स्वयंपाक, झोप, देव आणि कॅमेरा, तर फोडणी जाणार कुठे? चित्र मात्र लख्ख झालं. उद्यापासून फोडणी बंद.

१७ सप्टेंबर

उकडलेला दुधी, बिनफोडणीची डाळ. तात्यांनी ताट बघितलं, मग मला बघितलं. "घरात कोण आजारी आसा?"

काल रात्री मी काच पुसली, चित्र स्वच्छ होतं. सकाळी मी परळला पोचते तोवर पुन्हा धुरकट. चंदू म्हणतो, आज तात्या दोन दिसतायत.

२० सप्टेंबर

हरेश्वर पुन्हा. म्हणाला, नेट कमी पडतंय. वायफायचा डबा हलवला. घरभर वणवण करून त्याला देव्हाऱ्याशेजारीच रेंज सापडली. आता गणपती, कुलदेवीचा टाक आणि वायफाय असे ओळीने बसलेत. मग त्याने मोबाइलमध्ये काहीतरी दाबून चित्र एचडी केलं. म्हणजे आता धुरकटपणा अगदी बारकाईने दिसतो.

२१ सप्टेंबर

शांताकाकूंच्या मते नजर लागली. मी नसताना येऊन कॅमेऱ्यापुढे लिंबू-मिरची बांधून गेल्या. चंदूचा फोन — "ते समोर हिरवं काय लोंबतंय? तात्या कुठे आहेत?" तात्या मिरच्यांच्या मागे होते.

२३ सप्टेंबर

आज चंदू जे बोलला ते लागलं. "ताई, खरं सांग. तू मुद्दाम नाही ना करत?"

मी फोन ठेवून दिला. अळणी खाऊन जीभ मेली माझी, आणि हा म्हणे मुद्दाम.

२६ सप्टेंबर, घटस्थापना

हरेश्वरने कॅमेरा चालू-बंद झाल्याच्या जुन्या नोंदी काढून बघितल्या. रोज सकाळी मी निघाल्यावर थोड्याच वेळाने कॅमेरा बंद पडतो. जरा वेळाने पुन्हा सुरू होतो, तो धुरकटच. "कोणीतरी बटण बंद करतंय, ताई," तो हळूच म्हणाला. त्या वेळी घरात असतं कोण? तात्या आणि ट्यूबलाइटमागची पाल.

२७ सप्टेंबर

डबा घरी विसरल्याचं नाटक केलं. जिन्यापर्यंत गेले आणि पाय न वाजवता परत आले.

तात्या फळीपुढे उभे. चष्मा लावलेला, बाह्या दुमडलेल्या. आधी खाली वाकून बटण बंद केलं. हिरवा दिवा विझलेला खात्रीने बघितला. मग खोबरेलाची बाटली उघडली, चिंधीचं टोक बुडवलं आणि कॅमेऱ्याला तेल द्यायला लागले. बाजूने, मागून, आणि मग पुढून, काचेवर, गोल गोल. हिरव्या दिव्याचा चोर मला सापडला होता आणि तो माझा बाप होता.

"तात्या!"

जराही दचकले नाहीत. "चालू मशिनीत हात घालूचो नाय. आधी बटण बंद, मगे तेल."

"पण कॅमेऱ्याला तेल?"

"रात्रंदिवस चलता बिचारा. तुम्ही दोघांनी एकदा तरी दिलास?"

गिरणीत विव्हिंग खात्यात वर्षानुवर्षं साचे, म्हणजे माग, चालवलेले तात्या. पाळी सुरू झाली की आधी साच्याला तेल, मग बाकीचं. मी रागवायलाच तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "संपाक भायर पडलंव त्या दिवशी तेल देवक नाय. म्हटला, आठवड्यात परत येतलंव."

ब्याऐंशीचा संप तो; परत जाणं झालंच नाही. तात्यांनी बटण चालू केलं आणि खुर्चीत जाऊन बसले. मला रडू आलं. डबा घ्यायचा तो मी खरंच विसरले.

२८ सप्टेंबर

चंदूला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणेल, डोकं गेलंय त्यांचं. डोकं अजिबात गेलेलं नाही. साच्याची सवय आहे, तीच कॅमेऱ्यावर चालवतात.

नको म्हटलं असतं तर "बरं" म्हणून त्यांनी उद्या दिलंच असतं. म्हणून मी वेगळं बोलले — "तात्या, काचेला नका देऊ. मागे सांधा आहे, जिथे मान फिरते, तिथे एक थेंब द्या." त्यांनी कॅमेरा फिरवून सांधा तपासला. बराच वेळ. मग जरा चिडूनच म्हणाले, "असा आधी सांगूक होया होता."

२ ऑक्टोबर, रविवार

चार दिवस चित्र आरशासारखं. तात्यांची वाढलेली दाढीसुद्धा चंदूला ठाण्यात दिसते. खूश आहे. "हरेश्वर हुशार निघाला," म्हणतो. असेल बापडा.

लसणीची फोडणी दिली. तात्यांनी भात दोनदा घेतला.

५ ऑक्टोबर, दसरा

सगळं पाण्यात.

गिरणीत दसऱ्याला साच्यांची पूजा असायची. झेंडू, हळदकुंकू, पेढे. लहानपणी मी आणि चंदू तात्यांचं बोट धरून बघायला जायचो. मला हे आठवायला हवं होतं! मी मोरीत भांडी घासत होते. तात्यांनी अंघोळ करून कोरं धोतर नेसलं आणि घरात आहे त्या एकुलत्या एक मशिनीची पूजा केली. पाण्यात कालवलेलं कुंकू. नाम ओढला तो बरोबर काचेवर. आज मशीन बंदही केली नाही, पूजा चालू मशिनीची करायची असते म्हणे.

चंदू जेवायला यायलाच निघाला होता. परळच्या सिग्नलला मोबाइल उघडला तर पडदाभर लाल, आणि लालाच्या पलीकडे तात्या हलताहेत. तिन्ही जिने धावत चढला. दारात आला तेव्हा तोंडातून एकच शब्द फुटत होता — "रक्त... रक्त..."

तात्यांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला.

मग भीतीचा राग झाला. आरडाओरडा ऐकून आलेल्या शांताकाकूंनी त्याला तेलाचंही सांगून टाकलं. (त्यांना मीच सांगितलं होतं. माझंच तोंड!) चंदू म्हणाला, "बस झालं, ताई. उद्या घेऊन जातो." मी भांडले. चंदूने ऐकलं नाही. तात्या मान खाली घालून पेढा खात राहिले.

६ ऑक्टोबर

गेले. जाताना पिशवीत खोबरेलाची बाटली टाकली. डोक्याला लागत असेल म्हणून मी काही बोलले नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

कॅमेरा काढायला हरेश्वरला बोलावलं होतं, मग नको म्हणून सांगितलं. माझ्या मोबाइलवर चित्र घेतलंय. ऑफिसात उगाच उघडून बघते. इतकं स्वच्छ आहे की खुर्चीच्या वेतातली भोकंसुद्धा मोजून दाखवावीत. खुर्ची रिकामी. मला हे स्वच्छ चित्र नको आहे.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

चंदूचा फोन. आवाज अगदी दमलेला. त्यांच्या इमारतीची लिफ्ट कुरकुरत होती. तात्यांनी वॉचमनशी गप्पा मारता मारता मेन स्विच कुठे ते विचारून घेतलं आणि आज आधी बटण बंद केलं. सोसायटीचे सेक्रेटरी आत, नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मधे. बाहेर तात्या, हातात बाटली.

"रविवारी आणून सोडतो," चंदू म्हणाला. "आणि ताई, काचेला देऊ देत तेल. सकाळी चित्र धुरकट झालं की मला कळेल, तात्या उठले."

खोबरेल आणायला हवं.