निळ्या स्कर्टवरचा पांढरा दोरा

द्वारका, नवी दिल्ली
४ जानेवारी २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू सगळ्यालाच हो म्हणतेस, म्हणून हे पत्र.

शनिवारी मी साशिको शिकायला जाते. जपानातल्या शेतकरी बायका निळ्या जाड कापडावर पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालून जुने कपडे टिकवायच्या, तेच हे काम. सोळा फेब्रुवारीला सोसायटीच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन आहे. आपल्याला ही ओढ कुठून लागली, ते प्रत्येकीने कामाखाली चार ओळींत लिहायचंय. मासिकातला फोटो पाहून, असं मी लिहिलं, तर आमच्या शिकवणाऱ्या सुनेत्रा मॅडमनी कागद परत दिला. म्हणाल्या, ये तो किसी और का लगता है.

खरं सांगू? सातवीत माझा शाळेचा निळा स्कर्ट फाटला. घरात निळा दोरा नव्हता, म्हणून तू पांढऱ्याने ठिगळ लावलंस. मला इतकी लाज वाटली की वर्गात बसून मी एकेक टाका शाईने रंगवला. हे तुला कधी सांगितलं नाही. आता तेच लिहिणार आहे. स्कर्टचं काही उरलं असेल तर पाठव. ठिगळ म्हणजे काय तेच क्रांतीला कळेना. तुझी नात पॅच म्हणते.

गुडघे सांभाळ, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी समता

उमरेड
१३ जानेवारी

चि. समतास,
अनेक आशीर्वाद.

शाईचं मला पहिल्या धुण्यालाच कळलं होतं. तुझ्या बाबांचं बनियन निळं झालं. ते तसंच घालून कामावर गेले, आणि यंदा जयंती लवकर आली म्हणाले. तू रडशील म्हणून आम्ही दोघंही गप्प राहिलो.

पण बाई, हे भिंतीवर लावू नकोस. तू एवढी अधिकारी, तुझ्या ऑफिसचे लोक येणार. हिच्या आईच्या घरी दोऱ्याचं रीळसुद्धा नव्हतं म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. तो तुकडा केव्हाच गोधडीत गेला. जवसाचे लाडू पाठवते, जावईबापूंनाही दे.

राग नको, लोभ तेवढा राहू दे.
आई

द्वारका
२२ जानेवारी

ती. आईस,
सविनय जयभीम.

लाडू दोन दिवसांत संपले. बाकी मात्र मी तुझं ऐकणार नाही. एकदा लपवलं, ते पुरे झालं. मॅडमना सांगून मधली जागा राखून ठेवली आहे आणि ऑफिसमधल्या चौघींना बोलावलंसुद्धा. कोणी विचारलं तर सांगेन, टाके माझ्या आईचे आणि शाई माझी. गोधडी उसव. नाही उसवलीस तर नुसत्या ओळी लावीन.

हट्टी मुलीला पदरात घे.
समता

उमरेड
३ फेब्रुवारी

चि. समतास,
अनेक आशीर्वाद.

दोन दुपारी बसून गोधडी उसवली. तुकडा सोबत आहे. शाई अजून दिसते, राहू दे. हट्ट तू माझ्याकडूनच घेतलास, तेव्हा कुणाला बोलू?

एक मात्र दुरुस्त कर. निळं रीळ डब्यात होतं. वीज गेली होती आणि निळ्यावर निळा टाका दिसेना, म्हणून पांढरा घेतला. मग टाके इतके सरळ आले की दिवे आल्यावरही बदलावेसे वाटले नाहीत. मी चौथीनंतर शाळेत गेले नाही. माझे टाके तरी जातील, कुणीतरी बघेल, असं मला वाटलं होतं.

माझं तिकीट काढ. सोळा तारखेला कोण थांबून बघतं, ते मला बघायचंय.

तोवर आहे तशीच माया ठेव.
आई