इंजिन त्याचं, पंख माझे

१३ जानेवारी १९७४, रविवार

आजही विमान नाही उठलं. जऊळका स्टेशनामागच्या माळावर तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा शेपूट वर आलं, चाकं हलकी झाली, आणि बाभळीच्या रांगेअलीकडे गॅस कमी करावा लागला. यूसुफ मिस्त्री शेजारून मोटरसायकल पळवत ओरडून वेग सांगत होता. वेग कमी पडतो. का पडतो?

पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की याच इंजिनावर हे विमान एका माणसाला घेऊन उडतं. नागपूरच्या एका वृद्ध पायलटसाहेबांनी परदेशातून मागवलेला, अर्धाच जोडून राहिलेला संच. आपण तो पुस्तिकेबरहुकूम पूर्ण केला. फ्लाइंग क्लबात दोन उन्हाळे घालवून मी चालवायला शिकलो. मग अडतं कुठे?

यूसुफ म्हणाला, "मास्तर, वजन जास्त होऊन राह्यलं. विमानाचं नाही म्हनत, तुमचं."

हसलो. घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही. पुढचा बदल : प्रोपेलर. एका वेळी एकच बदल, मग चाचणी.

२० जानेवारी

प्रोपेलरने काही फरक नाही.

आणि वर शेळी! स्टेशनवरच्या पॉइंट्समनची शेळी शेडमध्ये शिरली, डाव्या पंखाची खालची बाजू चाटून चाटून भोक पाडून गेली. पंखाच्या कापडावर लावायचं खरं रसायन मिळत नाही म्हणून मांजरपाटाला साबुदाण्याची खळ देतो, वरून वार्निश. खालच्या बाजूला वार्निश पातळ राहिलं होतं. शेळीला दोष कसा देणार?

यूसुफ : "बकरीले कळलं हे काय चीज आहे ते. विमानाच्या परवान्यावाल्या साहेबाले अजून नाही कळलं."

यापुढे खळीत मोरचूद, म्हणजे शेळी तोंड लावणार नाही. जिल्द बांधणारे घालतात तसं. कापड मीच चढवणार, शिवण मीच घालणार. आमचं वाटप पहिल्या दिवसापासून ठरलेलं : इंजिन त्याचं, पंख माझे. त्याने बोलावल्याशिवाय मी इंजिनाला हात लावत नाही. कारागिराच्या डोक्यावर चार बुकं शिकलेल्याने पहारेकरी म्हणून उभं राहायचं, हीच तर आपल्या देशाची जुनी खोड. मी ती माझ्या शेडमध्ये चालू देणार नाही. हे मी सभांमधून सांगतो आणि माळावर पाळतो.

२६ जानेवारी, रिठद

शाळेसमोर सभा. बोलायला उभा राहिलो तेव्हा मनात नव्हतं, ओघात आलं. म्हणालो, "ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांच्या विमानाची सावली चौदा एप्रिलला मालेगावच्या प्रत्येक छपरावरून जाईल. मोजून घ्या, एक छप्पर सोडणार नाही."

माणसं उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. माझ्याच अंगावर काटा आला.

सुमनही सभेला होती. घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता : "मले इचारलं होतं काय?"

"यात विचारायचं काय?"

"काही नाही. तुमी टाळ्याइले इचारलं, झालं."

दवाखान्यात दिवसभर मोडलेली हाडं बघणाऱ्या नर्स बायकोला सगळीकडे मोडलेली हाडंच दिसतात. तिचा दोष नाही.

१० फेब्रुवारी

टायर बारीक घातले. सीटची गादी काढली. रंग खरवडला. तरी चाकं जमीन सोडत नाहीत.

आज मोठा बदल केला. पंखाच्या कण्याला आतून जाड लाकडी पट्ट्यांच्या दोन ओळी चिकटवलेल्या आहेत. दुसरी ओळ काढली. मनात किंतू होता, पण दुसरा मार्ग काय? पट्टी निघताना सरस सुटल्याचा आवाज दाताखालच्या खड्यासारखा.

यूसुफ दाराशी उभा. "राहू द्या न मास्तर. इतकं नका सोलू."

"मग तुझ्या इंजिनात जोर आण!"

बोललो आणि लगेच वाईट वाटलं. तो हौदावर जाऊन हात धूत बसला. हात स्वच्छच होते.

त्याच्यासारखा मिस्त्री वाशीमपासून मेहकरपर्यंत नाही. ट्रकची बॉडी बांधतो ती लोक हात फिरवून बघतात. उद्या गॅरेजवर जाऊन माफी मागायची.

३ मार्च

उठलं!!

वीतभर. फार तर हातभर. क्षणभर चाकांचा खडखडाट बंद झाला आणि मग आदळलं. पण ती शांतता! जन्मभर बोलत आलो, अशी शांतता कधी ऐकली नव्हती.

पट्ट्या काढल्याचं फळ. आणखी वजन काढता येईल. शेपटीतले आडवे तुकडे, पंखाच्या टोकाच्या फासळ्या...

यूसुफला मिठी मारली. तो लाकडासारखा. म्हणाला, "मुबारक, मास्तर." डोळे भलतीकडे.

१७ मार्च

सगळं क्रमाने लिहितो.

यूसुफ भाचीच्या लग्नाला वाशीमला. माळावर वारा इतका छान की राहवलं नाही. पॉइंट्समनच्या मदतीने यंत्र बाहेर काढलं. इंजिन सुरू झालं, पण खोकायला लागलं. कचरा असणार. कार्बोरेटर उघडायचा म्हणजे त्याच्या कामात हात घालायचा. पाऊण तास घुटमळलो. मग म्हटलं, कचरा साफ करायचा आहे, झडती घ्यायची नाही.

कार्बोरेटरच्या घशात एक पडदी असते. गॅसचा दांडा ओढला की ती पूर्ण उघडून हवा आत सोडते. ही अर्ध्याच्या थोडी पुढे जाऊन थांबत होती. तिथे पितळेचा खिळा डाख देऊन बसवलेला. केबलला स्प्रिंग लावलेली, म्हणजे माझ्या हातातला दांडा मात्र शेवटपर्यंत जाईल आणि मला काही कळणार नाही.

डाख सुंदर होता. थेंबही इकडे तिकडे नाही. तो हात मी ओळखतो.

१८ मार्च

गॅरेज. खिळा त्याच्यासमोर ऐरणीवर ठेवला. विचार केला होता की बोलायचं नाही, फक्त बघायचं. पण बोललो. रस्त्यावरची माणसं थांबेपर्यंत बोललो.

त्याने भाता बंद केला. "झालं तुमचं? दिवाळीच्या टायमाले चाक तुटलं, तुमी तोंडावर पडले. टाके कोनं घातले?"

"सुमनने."

"दुसऱ्या दिवशी वहिनी इथं आल्या. याच पेटीवर बसल्या. म्हने, भाऊ, पळू द्या त्याइले, उडू नका देऊ. म्या शब्द देल्ला."

"आणि मला दिलेला शब्द?"

"तुमाले कवा शब्द देल्ला? तुमीच देत व्हते, माझ्या नावानं. सभेत."

"मी तुझ्यासमोर पंख सोलत होतो यूसुफ! तुझ्या खिळ्याशी झुंजायला लाकूड कापत होतो! तू बघत होतास!"

तो खाली बघून म्हणाला, "वाटलं, थकसान. बंद करसान. तुमी थकतच नाही, यार."

मास्तर म्हणायचा. आज पहिल्यांदा यार म्हणाला. आजच.

१९ मार्च

सुमन नाकारत नाही. भाकरी थापता थापता : "हो, म्याच सांगतलं. अजून सांगीन."

"मला समोर सांगायचं होतं."

"सांगतलं नाही काय? दिवाळीत सांगतलं, संक्रांतीले सांगतलं. तुमी मलेच भाषन देल्लं. बायकाइच्या भित्रेपणावर. आठवते?"

आठवत नाही. म्हणजे, तसं दिलं असेलही. पण मतभेद वेगळा आणि दगा वेगळा. मतभेदाला मी मान देतो. पाठीमागे गाठ बांधून दोघं रोज मला चहा देत होते, माझ्या आकड्यांवर माना डोलावत होते. आठवडाभर मी पुस्तिका उशाशी घेऊन हवेची घनता शिकलो. वऱ्हाडची हवा जड की हलकी! हवेवर संशय घेतला, लाकडावर घेतला, स्वतःच्या पोटावर घेतला. या दोघांवर सोडून.

जेवलो नाही. तिने ताट झाकून ठेवलं आणि ड्यूटीवर गेली.

३१ मार्च

खिळा काढल्यावर आज प्रथम पूर्ण गॅस. शेपूट दोराने बाभळीला बांधलेलं, विमान जागच्या जागी. इंजिन असं गरजलं की मी कधी ऐकलंच नव्हतं. बाभूळ वाकली.

मग दुसरा आवाज. डाव्या पंखात, कण्यापाशी. करकर. गॅस कमी केला की थांबतो, वाढवला की पुन्हा.

इंजिन बंद करून गवतात बसलो. आता कुठे कळतंय काय झालं ते. खिळा काढला की इंजिन पुस्तिकेतलं झालं. पंख पुस्तिकेतले राहिले नाहीत. ते मी सोलले. मला वाचवायला त्यांनी खिळा लावला, आणि त्या खिळ्यापायी मी माझं विमान आतून पोखरलं. आता हे कोणतं विमान आहे, हे सांगणारी पुस्तिका जगात नाही.

कदाचित उडेल. कदाचित छपरांवरून जाईल. कदाचित पहिल्याच वळणावर...

७ एप्रिल

यूसुफ घरी आला. पहिल्यांदाच ओट्यावर बसला, आत आला नाही.

"पट्ट्या परत लावू. सगळं होतं तसं करू. बरसात जाऊ द्या."

"सात दिवसांनी चौदा तारीख आहे."

"मंग सांगून टाका लोकाइले."

"काय सांगू? मिस्त्रीनं आणि बायकोनं मिळून फसवलं?"

"सांगा न. आमी आइकून घेऊ."

खरंच ऐकून घेतील, दोघंही. तेच सहन होत नाही. ज्याने फसवलं त्याने निदान खोटं तरी बोलावं. भांडायला सोपं जातं.

आणि पट्ट्या पुन्हा कोणाच्या भरवशावर लावू? प्रत्येक डाख, प्रत्येक खिळा मी आता उघडून बघणार. पहारेकरी होणार. मला यांनी तेच करून ठेवलं, जे मी कधी होणार नव्हतो.

"जा," म्हणालो. गेला.

१३ एप्रिल

मालेगावात जयंतीच्या पताका लागल्या. शाळेत विमानाबद्दल कोणी काही बोललं नाही. बाजारात कोणी काही बोललं नाही. समजूतदार माणसं, मला अवघडवू इच्छित नसावीत.

ठरत नाही. दिलेला शब्द एकीकडे, करकर एकीकडे. ज्याने रिठदला शब्द दिला तो माणूस उद्या मिरवणुकीत पायी चालला तर पुन्हा कोणत्या तोंडाने बोलेल?

सुमनने पांढरा सदरा धुवून वाळत घातलाय. सभेसाठी की कशासाठी, तिलाच ठाऊक.

१४ एप्रिल

उजाडताच माळावर गेलो. बसलो. पट्टा बांधला. उतरलो.

संध्याकाळी सभेत बोललो. नेहमीसारखं. शिक्षणावर, संघटनेवर. विमानाबद्दल एक अक्षर नाही. सारखं वाटत होतं, आता कोणी उठेल आणि ओरडेल, मास्तर, विमान कुठं आहे? तेव्हा काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं होतं. सगळं खरं सांगायचं होतं.

कोणी उठलं नाही.

सभेनंतर मीच न राहवून रिठदच्या एका म्हाताऱ्या बाबांना गाठलं. सव्वीस जानेवारीला ते पहिल्या रांगेत होते, टाळ्या वाजवता वाजवता रडले होते. म्हटलं, "बाबा, विमान नाही आणता आलं."

ते गोंधळले. मग आठवलं. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "ते काय! लय झ्याक बोलले व्हते तुमी त्या दिशी. आमी ते भाषनच समजलो, मास्तर."

माझ्या शब्दाचं हे कोणत्या खिळ्याने झालं?

१६ एप्रिल

सुमन सकाळी म्हणाली, "यूसुफभाऊ तिकडंच हायेत. कालपासून." माझ्याकडे बघून म्हणाली. या वेळी माझ्या पाठीमागे नाही.

दुपारच्या गाडीने जऊळक्याला. शेडचं दार उघडं. आतून लाकूड घासल्याचा आवाज. डावा पंख उतरवून लाकडी घोड्यांवर ठेवलाय. पंखाला हात लावायचा त्याला अधिकार नाही. ठरलेलं आहे.

त्याने मान वर केली. म्हणाला, "सरस गरम हाय. पट्टी धराले कोनी पायजे."

मी दारातच उभा राहिलो. सरस फार वेळ गरम राहत नाही, मला माहीत आहे.